बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण आग लागते

गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर घरच्या घरी बनवण्याची हौस अमेरिकेत १९३०च्या दशकापासूनची. आकार पाण्याच्या थेंबासारखा, आत दोघांपुरते अंथरूण आणि मागचे झाकण उघडले की स्वयंपाकाचा ओटा. सुतारकाम जमते, गाडी अडते ती विजेपाशी.

‘बाराच तर व्होल्ट, त्याला काय घाबरायचे?’ असे अनेकांना वाटते. शॉकची भीती फारशी नाही, हे खरे. पण व्होल्टेज कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. १२० वॅटच्या उपकरणाला आपल्या घरातल्या २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर पुरतो. बारा व्होल्टवर दहा लागतात. आणि करंट दुप्पट झाला, की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. म्हणून इथे वायर जाडच हवी.

खरा धोका शॉर्टसर्किटचा. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी वायरचे आवरण घासते, तांबे लोखंडी सांगाड्याला टेकते आणि बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर वाहू लागतात. वायर लालभडक होते. शेजारी असते प्लायवूड आणि गादी. त्यामुळे मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला जितका जवळ बसवता येईल तितका बसवावा. तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. कारण त्याचे काम उपकरण नव्हे, तर वायर वाचवण्याचे आहे.

बॅटरी किती मोठी घ्यायची? आधी कागदावर हिशेब मांडा. तीन वॅटचे दोन दिवे चार तास म्हणजे २४ वॅट-तास. १५ वॅटचा पंखा आठ तास, १२०. दोन मोबाइलचे ३०. एकूण १७४. छोटा फ्रिज ठेवला तर साधारण साडेतीनशेची भर. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास मावतात. पण ती निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे हाताशी सहाशेच. फ्रिजसह एक दिवस निघतो. शंभर वॅटचे सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाकाठी तीन-चारशे वॅट-तास परत देते. इलेक्ट्रिक किटली मात्र विसरावी. १,५०० वॅटसाठी बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून जास्त खेचावे लागतात.

शेवटचा मुद्दा श्वासाचा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. ही बॅटरी झोपायच्या जागेपासून वेगळ्या, बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत ठेवावी. जनरेटर तर ट्रेलरच्या आत किंवा खिडकीशी कधीच नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. वीस फुटांवर, धूर उलट्या दिशेला जाईल असा ठेवावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

दिवा, पंखा, फ्रिज नंतर जोडता येतात. फ्यूज मात्र पहिल्या दिवशीच बसवावा.