रुई, ताग आणि बकऱ्याची नस

माझं पहिलं धनुष्य धामणीचं होतं. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात. म्हणजे धनुष्य त्याच्या नावातच आहे. चिवट लाकूड, कावडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला आजही चालतं. तासता तासता पाठीवरचं एक वर्षकडं मी कापलं आणि पुढे गेलो. तिसऱ्या दिवशी ओढलं, तर नेमकी तिथूनच ढलपी उठली आणि धनुष्य दोन तुकडे होऊन हातात राहिलं.

धनुष्य ओढलं की आपल्याकडची बाजू दबते आणि लक्ष्याकडची ताणली जाते. दबणारी बाजू म्हणजे पोट, ताणली जाणारी ती पाठ. लाकूड दाब बऱ्यापैकी सोसतं, पण ताणाखाली एक तंतू तुटला की शेजारचे लागोपाठ जातात. म्हणून पाठीला अस्तर लावायचं. आणि दोरी अशी हवी, की ती लांबणार नाही, तुटणार नाही. घरी धनुष्य घडवणारी तरुण मंडळी भेटली की हेच विचारतात : पाठीला काय लावू आणि दोरी कशाची करू? मी सांगतो, हे सामान एका दुकानात शोधू नका. धनुष्य आपल्या गावांतून गेलं, पण त्याचं सामान इतर धंद्यांच्या घरी शाबूत आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्यं दिली आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीची सहा : मूर्वा, अर्क, शण, गवेधू, वेणू आणि स्नायू. शोधायला बसलं तर यातली बहुतेक आजही हाताशी येतात.

शण म्हणजे आपला ताग. शेतकरी तो हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलावर येताच नांगरून गाडतात. ओळखीच्या शेतकऱ्याला दोन ओळी राखायला सांगा. कापलेल्या काड्या आठ-दहा दिवस पाण्यात भिजल्या की साल सुटते, ती धुतली की वाख हाती येतो. अंबाडीचंही तसंच. बाजारातली सुतळी मात्र घेऊ नका. तिचे तंतू आखूड आणि पीळ सैल असतो. बांधावरचा घायपातही काहींना मोहात पाडतो. तो अमेरिकेतून आलेला, त्यामुळे कौटिल्याच्या यादीत नाही, आणि त्याचा वाख फार ताठ. त्याचे सोल वळा, धनुष्याला नको.

अर्क म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच. तिच्या खोडाच्या सालीत रेशमासारखा मऊ, चकचकीत आणि विलक्षण चिवट धागा असतो. चीक डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून खोड वाळू द्यावं आणि मग साल सोलावी. हे काम सावकाशीचं आहे. दिवसभरात मूठभर धागा निघाला तरी पुष्कळ. पण माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली दोरी रुईचीच.

मूर्वेच्या ओळखीवरून वैद्यांत मतभेद आहेत. पण दोरीवाल्यांना अभिप्रेत असलेली मूर्वा म्हणजे लांब, मांसल पानांची ती वनस्पती, जिचा भाऊबंद हल्ली शहरातल्या गॅलऱ्यांत ‘स्नेक प्लांट’ म्हणून कुंडीत उभा असतो. पान फळीवर ठेवून सुरीच्या बोथट बाजूने खरवडलं की पांढरा धागा उरतो. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात ते या मूर्वेवरूनच.

वेणू वाचून मी प्रथम चकित झालो. बांबूची दोरी? पण भिल्लांच्या कामठीला बांबूच्याच सालीची चिवट पट्टी दोरी म्हणून लावण्याची जुनी रीत आहे. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूची. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही नोंद सातपुड्यात हातांनी जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गवेधू सोडला तर उरला स्नायू. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यातली दोरीही प्राण्याच्या नसांची निघाली. हा पदार्थ दोरीला आणि अस्तराला दोन्हीकडे चालतो. हरणाच्या नसांचं नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे, आणि बंदच हवं. खाटकाला सांगून बकऱ्याच्या मागच्या पायाची टाचेवरची नस घ्यावी. सावलीत वाळली की ती शिंगासारखी पिवळट, पारदर्शक, टणक होते. गुळगुळीत दगडावर लाकडी मोगरीने हलके ठोके दिले की ती पांढरी पडत जाते, फुलते, आणि बोटांनी ओढली की वीतभर धागे सुटतात. ते कोमट सरसात भिजवायचे, बोटांत निपटायचे आणि खरवडून घेतलेल्या पाठीवर विटांच्या बांधकामासारखे जोड चुकवत बसवायचे. सरस उकळू द्यायचा नाही, नाहीतर त्याची ताकद जाते. वाळताना नस आकसते आणि धनुष्याला उलटं ओढून धरते. तुर्की आणि मंगोल धनुष्यांचा जोर यातला : पोटाला शिंग, मधे लाकूड, पाठीला नस. मात्र नस आणि सरस दोघंही हवेतलं पाणी पितात. कोकणातल्या पावसाळ्यात असं धनुष्य टिकवणं कठीण. ओलसर मुलखांनी बांबू धरला तो उगाच नाही.

इतका खटाटोप नको असेल तर ढोलकी-दिमडीला पुड्या चढवणाऱ्या कारागिराकडे जा. बकऱ्याचं पातळ, न कमावलेलं कातडं त्याच्याकडे असतं, कडेचे पट्टे तो देतोही. कमावलेलं चामडं निरुपयोगी, ते लांबतं. कच्चा पट्टा भिजवून सरसाने चिकटवायचा आणि वर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून वाळू द्यायचा. याने जोर वाढत नाही, ढलपी मात्र उठत नाही. जुन्या रेशमी मुकट्याचा पट्टाही हेच काम करतो; उभे धागे धनुष्याच्या लांबीला समांतर हवेत.

माझी पसंती बांबूच्या पट्टीला. सालीलगतचे तंतू सगळ्यात दाट, म्हणून साल बाहेर ठेवायची आणि तिला पाती लावायची नाही. पट्टी पातळ हवी. जाड ठेवली तर ताणात ती हरत नाही आणि पोटाकडचं लाकूडच चिरडतं. इंग्लंडच्या यू वृक्षाला हे अस्तर निसर्गानेच दिलं आहे : बाहेरचं पांढरं लाकूड ताण घेतं, आतलं तांबूस दाब सोसतं. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावर अशी 172 धनुष्यं मिळाली.

आता दोरीची ताकद. धनुष्याच्या ओढीच्या निदान चौपट भार दोरीने सोसावा, हा जुना आडाखा. 40 पौंडांच्या धनुष्याला 160 पौंड, म्हणजे सुमारे 73 किलो. एक धागा आढ्याला बांधा, खाली हलकी बादली लटकवा आणि तांब्याने पाणी ओता. सहा लिटरला धागा तुटला, तर तेरा धागे लागतील; नैसर्गिक धागा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आणखी तीन घाला. मग दोन पेड करा. प्रत्येक पेडाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे वळायचे. उलटसुलट पीळ एकमेकांना धरून राहतो, सोडला तरी उकलत नाही. वरून मधमाश्यांचं मेण चोळायचं, बोटांना ऊब लागेपर्यंत.

घाई असेल तर डेक्रॉनचा धागा मागवा. बी-50 जातीचा एक धागा सुमारे 50 पौंड सोसतो. नायलॉन रबरासारखा ताणतो, साधा सुती दोरा लवकर तुटतो, दोन्ही टाळा. दोरी तुटली तर बाण नसताना सोडल्यासारखा सगळा जोर लाकडात परत येतो आणि बहुधा धनुष्यही जातं.

यंदा ओळखीच्या एका शेतात तागाच्या चार ओळी माझ्यासाठी उभ्या आहेत. शेंगा धरल्या आहेत. भाऊबीज झाली की कापणी, मग ओढ्याच्या डोहात दगडाखाली पेंढ्या.