टाळेबंदीच्या हुकमावर सही कोणाची?
(लेखांक ५)

मार्च २०२१ च्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली होती. २९ तारखेला सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणाऱ्या होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला प्रशासनाने परवानगी नाकारली. संध्याकाळी जमाव फाटक तोडून रस्त्यावर आला आणि बंदोबस्तावरचे पोलीस जखमी झाले. ही दृश्यं देशभर पाहिली गेली. याच शहराने पाच महिन्यांपूर्वी असाच वाद कसा लढवला होता, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. मला ते अधिक मोलाचं वाटतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी गुरुद्वारा बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेला. मिरवणूक काढू देणं व्यवहारात शक्य नाही, असं राज्य सरकारने सांगितलं. न्यायालयाने स्वतः होकारही दिला नाही, नकारही नाही. नांदेडातली प्रत्यक्ष परिस्थिती पाहून राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं, असं सांगितलं. बंदी हवी की नको हा एक प्रश्न, आणि ती घालायचा अधिकार कोणाचा हा दुसरा. चावडीवर आणि टीव्हीवर आपण दोन वर्षं पहिल्यावरच भांडत राहिलो.

गेल्या आठवड्यात आपण १८९७ चा साथरोग कायदा पाहिला. प्लेगच्या दिवसांतला, चार-पाच कलमांचा. त्यात टाळेबंदी हा शब्दच नाही. २०२० मध्ये खरा भार उचलला तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने. जिल्हाधिकारी या कायद्याखालच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि बाधित भागात वाहनं व माणसं रोखण्याचा अधिकार कलम ३४ त्या प्राधिकरणाला देतं. जिल्ह्याजिल्ह्यांत रात्रीतून निघणाऱ्या आदेशांचा मोठा आधार तोच.

यावर आक्षेप होता की हा कायदा भूकंप-पुरासाठी आहे, महिनोन्‌महिने चालणाऱ्या रोगासाठी नव्हे. लातूरकरांना हे लगेच पटेल. त्यांच्यासाठी आपत्ती म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. तरीही मला हा आक्षेप टिकणारा वाटत नाही. कायद्यातली आपत्तीची व्याख्या पुष्कळ ऐसपैस आहे, आणि १४ मार्च २०२० ला केंद्राने कोविडला अधिसूचित आपत्ती मानलं होतं.

टिकला तो दुसरा आक्षेप, आदेश काढण्याच्या पद्धतीवरचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने मुंबईच्या लोकलसाठी लशीचे दोन डोस सक्तीचे केले. आदेशांवर तेव्हाचे मुख्य सचिव सीताराम कुंटे यांची सही होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठासमोर उघड झालं की याच आपत्ती कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीत विचारविनिमय न होताच हे आदेश निघाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ही पद्धत कायद्याला धरून नसल्याचं सुनावलं. आदेश मागे घेतले गेले, मग समितीची बैठक झाली आणि मार्चमध्ये नवे आदेश आले. दोन डोसांची अट तीच! मग एवढ्या लढाईतून मिळालं काय, असं लोक विचारतात. मिळालं हे, की एकट्या अधिकाऱ्याच्या सहीने कोट्यवधी लोकांचा प्रवास थांबवता येत नाही, हे नोंदलं गेलं. सक्तीचा मुद्दा पुढे २ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब पुलियल निकालात आला. इच्छेविरुद्ध कुणाला लस देता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे.

मराठवाड्यापुरती एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ७१ सांगतं की प्राधिकरणांच्या आदेशांविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाखेरीज कुठेही दाद मागता येत नाही. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानदाराला किंवा नांदेडच्या रिक्षावाल्याला आपल्या गावच्या न्यायालयाचं दार बंद होतं. उरलं औरंगाबाद खंडपीठ. तिथवर जायचं तर वकील हवा, पैसा हवा, आणि जिल्ह्याची सीमा ओलांडायला पास हवा. तो पास देणारंही प्रशासनच. गुरुद्वारा बोर्डाला दिल्ली गाठता आली, पण हातावर पोट असलेल्या माणसाने काय करायचं होतं? आपल्या जिल्हा न्यायालयाला निदान तातडीची तक्रार ऐकण्यापुरता अधिकार मिळाला पाहिजे, ही माझी ठाम मागणी आहे.

पुढच्या आठवड्यात : तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचे गुन्हे, आणि पोलिसांनी ते नोंदवल्यावर न्यायालयात नेमकं काय अडतं.