हौसेची शस्त्रक्रिया आणि न्यायाची वाट

इंग्रजी फौजेत गाडीवान असलेल्या कावसजीचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले. पुढे सुमारे वर्षभराने, १७९३ च्या आसपास, पुण्याजवळ विटा भाजण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडविले. हे काम दोन इंग्रज वैद्यांनी डोळ्यांनी पाहिले, १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने त्याचे वर्णन छापले, आणि युरोपातील शल्यविशारदांनी त्यापासून धडा घेतला. तेव्हा रूपाची दुरुस्ती हे काही पुणे जिल्ह्याला नवे नव्हे. नवे आहे ते हे की, आज त्या टेबलावर झोपणारा माणूस बहुधा धडधाकट असतो.

भेदाचे मर्म येथेच आहे. अपेंडिक्स फुटलेल्या रोग्याला शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. टकलावर केस रोवून घेणाऱ्याला वा पोटाची चरबी काढून घेणाऱ्याला ते असते. थांबण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याला धोक्याची कल्पना अधिक स्पष्टपणे मिळावयास हवी. प्रत्यक्षात त्याला मिळतात ती 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे. संमतिपत्र येते ते शस्त्रक्रियेच्या दिवशी, घाईघाईत, आणि पुष्कळदा त्याला न कळणाऱ्या भाषेत.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या संमतीचा अर्थ उलगडून सांगितला. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, असलेले पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम रोग्याला पुरेसे समजले पाहिजेत. एका क्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला तर सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाविषयी असे बजावावे लागले की, नुसती कार्यशाळा वा यूट्यूबवरील चित्रफीत पाहून हे काम शिकता येत नाही. असे लेखी सांगावे लागते, यातच सारे आले!

डॉक्टराला जाब विचारण्याची परंपरा मात्र मराठी मुलखात जुनी आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. उपचारासाठी त्याला पुण्यास आणले गेले आणि पुरेशी भूल न देता हाड ओढल्यानंतर तो दगावला. स्वतः वैद्यक व्यवसाय करणाऱ्या त्याच्या वडिलांनी दावा लावला. तीन हजार रुपयांची नुकसानभरपाई सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास १९६८ उजाडले. रोगी स्वीकारावा की नाही हे ठरविताना, उपचार निवडताना आणि तो करताना डॉक्टराने योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाचे सूत्र आजही उद्धृत होते. पण पंधरा वर्षे!

ती वाट पुढे थोडी आखूड झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभारली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. आज २०१९ चा कायदा लागू आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि ती संगणकावरूनही दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

इंदापूरच्या एखाद्या कारकुनाने लग्नाआधी केस रोवून घेतले आणि डोक्याची कातडी पिकली, तर त्याला पहिला अडसर कायद्याचा नसतो, घरच्यांचा असतो. 'ही हौस करायला सांगितली होती कोणी?' हा प्रश्न बारामतीच्या बसस्थानकावरही ऐकू येईल, या भीतीने तो गप्प बसतो. आणि मुदत सरत राहते. हौस हा काही गुन्हा नव्हे. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत ती हौसेची होती म्हणून काळजी कमी चालते, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. केस अपेक्षेइतके दाट आले नाहीत वा नाक मनासारखे झाले नाही, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. सर्व दक्षता घेऊनही जखम चिघळू शकते. फौजदारी जबाबदारीसाठी तर घोर निष्काळजीपणाच दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. नाराजी आणि निष्काळजीपणा यांतील हा फरक तक्रारदारालाच कागदांनी दाखवावा लागतो.

ते कागद मिळणे हीच खरी मारामारी आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार, रोग्याने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टराचे कर्तव्य आहे. पण मागणी तोंडी केली, तर ती केल्याचा पुरावाच उरत नाही. तेव्हा पुण्यातील जिल्हा आयोगाची पायरी चढण्यापूर्वी इंदापूरच्या त्या कारकुनाला एक साधा अर्ज लिहावा लागेल, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी लागेल, आणि पैसे रोख दिले असतील तर पावतीही मागून घ्यावी लागेल.