अंक एक, गिऱ्हाइके दोन

जुन्या दिवाळी अंकांच्या देवघेवीपुरता एक छोटा ऑनलाइन बाजार उभारावा, आणि प्रोग्रामिंगचा गंध नसताना केवळ एआयच्या साहाय्याने तो सिद्ध करावा, अशी मनीषा बाळगणाऱ्या एका वाचकभगिनीने हे कितपत साध्य आहे, असा प्रश्न पाठविला आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकापासून सुरू झालेल्या या परंपरेचे कितीतरी अंक कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून आहेत आणि त्यांचे रसिक इंदूर-बडोद्यापर्यंत विखुरलेले आहेत, हे ध्यानी घेता असा बाजार व्हावा, असे मलाही मनापासून वाटते. कर्सर किंवा क्लॉड कोड यांसारख्या साधनांना साध्या भाषेत फर्माविले, की अंकांची यादी, मुखपृष्ठांची छायाचित्रे, शोधण्याची सोय, यूपीआयने रक्कम भरण्याची तजवीज, असा सारा दर्शनी भाग थोडक्या दिवसांत उभा राहतो, यात अतिशयोक्ती नाही.

या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव एआय संशोधक आंद्रेई कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिले, तेव्हा शनिवार-रविवारी करून टाकून द्यावयाच्या प्रयोगांसाठी ती बरी आहे, अशी मर्यादाही त्यांनी सोबतच घातली होती. प्रसिद्धीच्या गदारोळात नाव तेवढे उरले आणि मर्यादा गळाली. जेथे परक्याचा पैसा हाती घ्यावयाचा आहे, तेथे तिचे स्मरण देणे अगत्याचे वाटते.

समजा, एका दुर्मीळ अंकाची एकुलती एक प्रत पुण्याच्या विक्रेत्यापाशी आहे. इंदूरचा ग्राहक खरेदीचे बटण दाबतो. प्रत शिल्लक असल्याची खातरजमा करून प्रोग्राम त्याला पैसे भरण्याच्या पानाकडे धाडतो. ते पैसे जमा होण्यापूर्वीच बडोद्याचा ग्राहक तेच बटण दाबतो, आणि दप्तरी प्रत अद्याप शिल्लकच दिसत असल्याने त्यालाही वाट मोकळी मिळते. दोघांची रक्कम जमा होते, दोघांना पोच जाते. अंक मात्र एकच. एआयने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात हा दोष राहून जाणे अगदी संभवनीय आहे, आणि घरच्या चाचणीत ग्राहक एकटाच असल्यामुळे तो उघडकीस येत नाही.

या पेचाचा उलगडा ज्यांनी केला त्यांत अग्रगण्य असलेल्या जिम ग्रे यांचे नाव आजच्या कोलाहलात कुणाच्या ओठी नसावे, याची मला खंत वाटते. १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पावर काम करीत असताना त्यांनी ‘व्यवहारा’ची कल्पना काटेकोर केली, आणि १९८१च्या निबंधात तिचे मूळ संगणकात न शोधता करारांच्या कायद्यात शोधले. त्यांनी दिलेले उदाहरण ख्रिस्ती विवाहविधीचे आहे. वधूवरांची बोलणी कितीही काळ चालोत, तेवढ्याने कुणी बांधले जात नाही. धर्मगुरू दोघांना विचारतो, दोघांचाही होकार आला की विवाह झाल्याचे जाहीर करतो आणि त्या क्षणापासून तो झालाच. एकाने जरी होकार दिला नाही, तरी काहीच घडलेले नसते. अर्धा विवाह संभवत नाही, तसाच अर्धा व्यवहारही.

संगणकाकडून हे करवून घेण्याची युक्ती मोठी रम्य आहे. पहिल्या ग्राहकाचा व्यवहार सुरू होताच त्या अंकाच्या नोंदीला कुलूप लागते आणि दुसऱ्याला तिष्ठत राहावे लागते. शिवाय कोणताही बदल मूळ नोंदीत उतरण्यापूर्वी तो एका स्वतंत्र नोंदवहीत डिस्कवर लिहिला जातो, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी ती वही वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा बसविता यावेत आणि अपुरे उलटविता यावेत. पैसे भरायला मिनिटे लागतात, तेवढा वेळ कुलूप अडवून ठेवणे परवडत नाही. म्हणून पहिल्या व्यवहारात अंक ठराविक मुदतीपुरता राखून ठेवावयाचा आणि रक्कम आल्यावर दुसऱ्या व्यवहारात विक्री कायम करावयाची.

ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी मातेच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले, ते परतले नाहीत. तटरक्षक दलाचा शोध निष्फळ ठरल्यावर हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहांची छायाचित्रे ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या किरकोळ कामांच्या ऑनलाइन बाजारात वाटून घेऊन तपासली, म्हणजे ज्यांच्या विचारावर आजचा ऑनलाइन बाजार उभा आहे, त्यांचा शोधही अशाच एका बाजाराच्या द्वारे घेतला गेला.

पोस्टग्रेससारख्या विनामूल्य डेटाबेसमध्ये कुलूप आणि नोंदवही यांची व्यवस्था तयार आहे, परंतु कुलूप योग्य जागी मागून घ्यावे लागते आणि राखीव मुदत वेगळी रचावी लागते. तेव्हा वाचकभगिनींनी एआयला नुसते बटण न मागता राखीव मुदत आणि अखंड व्यवहार यांची स्पष्ट मागणी करावी, आणि मग स्वतः परीक्षा पाहावी: दोन फोनांवरून एकाच क्षणी तोच अंक विकत घ्यावा, रक्कम भरताना इंटरनेट तोडावे, रक्कम मिळाल्याचा संदेश मुद्दाम दोनदा पाठवून पाहावा. दर खेपेस दप्तरी एकच विक्री आणि एकच जमा दिसली, किंवा दोन्ही मुळीच दिसली नाहीत, तर बाजार खुला करण्यास हरकत नाही.