वॉल्व्हची तार कुणाची?

थंड पाण्यावर चालणारा एसी बिघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. तो छतातल्या चार-पाच मीटर तारेचा असतो, आणि ती तार नेमकी कुणाच्या कामात येते हे ठरलेलंच नसतं.

जुलै लागला की फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग उमटतात. मालक प्लंबरला बोलावतो. प्लंबर शिडी लावून वर पाहतो, पण पाइप कुठंच फुटलेला नसतो. मग इन्सुलेशनवाला येतो आणि आणखी एक थर गुंडाळून जातो. आठवडाभरात डाग पुन्हा हजर. या सगळ्या धावपळीत वायरमनला बोलवायचं मात्र कुणाला सुचत नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय इथं 1894 मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनची ही ओळख. तिथलं मोठं रुग्णालय असो, सांगलीतलं व्यापारी संकुल असो की महाबळेश्वर-पाचगणीतलं हॉटेल, बांधणाऱ्यापुढे एक प्रश्न असतोच : खोलीगणिक स्प्लिट एसी लावायचे की गच्चीवर एकच चिलर बसवून थंड पाणी खोल्याखोल्यांत फिरवायचं? दुसरा मार्ग धरला की प्रत्येक खोलीच्या छतात एक फॅन कॉइल युनिट येतं. कामावर सगळे त्याला एफसीयू म्हणतात.

त्याची रचना साधी आहे. गाडीच्या रेडिएटरसारखी तांब्याच्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी, तिच्यामागे पंखा, खाली पाणी गोळा करणारा ट्रे. साधारण 7 अंशांचं पाणी जाळीत शिरतं, खोलीतली उष्णता घेतं आणि 12 अंशांच्या आसपास होऊन चिलरकडे परत जातं. पाण्याच्या वाटेवर मोटराइज्ड वॉल्व्ह असतो आणि भिंतीवर थर्मोस्टॅट. खोली गार झाली की थर्मोस्टॅटनं वॉल्व्ह बंद करायचा, गरम झाली की उघडायचा. सगळा कारभार एवढाच, आणि तो चुकतोही इथंच.

सहा तारांचा हिशेब

तीन वेगांच्या साध्या युनिटच्या थर्मोस्टॅटमागे सहा तारा येतात : फेज, न्यूट्रल, पंख्याच्या कमी, मध्यम आणि जास्त वेगाच्या तीन, आणि वॉल्व्हची एक. वॉल्व्हची दुसरी बाजू न्यूट्रलला जाते. अर्थिंगची हिरवी तार थेट युनिटच्या पत्र्याला.

आता चुका पाहा. वॉल्व्हची तार थर्मोस्टॅटऐवजी सरळ फेजला जोडली, तर वॉल्व्ह कायम उघडा राहतो. थर्मोस्टॅट 24 वर ठेवला तरी खोली गारठत राहते. कुडकुडणारा माणूस शेवटी पंखाच बंद करतो, पण जाळीतलं पाणी वाहतच असतं. वारा थांबल्यामुळे गारवा युनिटच्या पत्र्यात मुरतो आणि पत्र्याला बाहेरून घाम सुटतो. छतावर दिसतो तो डाग याच घामाचा.

तीच तार चुकून कमी वेगाच्या टर्मिनलवर गेली, तर खोली गार झाली तरी पंखा फिरतोय तोवर पाणी येतच राहतं.

आणखी एक गंमत. पाइप धुऊन काढताना आणि पाणी भरताना वॉल्व्ह हातानं उघडे ठेवावे लागतात. त्यासाठी अनेक वॉल्व्हच्या डोक्यावर छोटा खटका असतो. काम संपल्यावर तो परत फिरवायचा राहिला, तर वायरिंग निर्दोष असूनही पाणी थांबत नाही.

वॉल्व्ह सुस्त वाटला म्हणून बदलण्याचीही घाई नको. मेणाच्या प्रसरणावर चालणारा अॅक्चुएटर पूर्ण उघडायला तीन-चार मिनिटं घेतो. तो काही ‘टक’ असा आवाज करत नाही. स्प्रिंगचा अॅक्चुएटर वीज गेली की आपसूक मिटतो. 24 व्होल्टच्या अॅक्चुएटरला 230 व्होल्ट दिले तर तो जळतो. म्हणून जोडण्याआधी त्याच्यावरची पट्टी वाचायची.

एक थर्मोस्टॅट, दोन युनिटं

मंगल कार्यालय किंवा प्रतीक्षागृह अशा मोठ्या दालनात दोन-तीन युनिटं लागतात. खर्च वाचवायला सगळ्यांच्या वेगाच्या तारा एकत्र करून एकाच थर्मोस्टॅटला जोडल्या जातात. कागदावर हे सरळ दिसतं, पण तीन वेगांच्या मोटरीत तिन्ही तारा एकाच वाइंडिंगच्या वेगवेगळ्या टप्प्यांतून निघालेल्या असतात. एका टप्प्याला वीज दिली की उरलेल्या दोन तारांवरही व्होल्टेज उमटतं. दोन मोटरींच्या त्या तारा बाहेर एकमेकींना जोडलेल्या असल्या, तर एका मोटरीतून दुसरीत करंट फिरत राहतो. मोटरी तापतात, गुणगुणतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात बसतात.

उपाय रिलेचा. थर्मोस्टॅटनं फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि रिलेनं प्रत्येक मोटरीला स्वतंत्र संपर्कातून वीज द्यायची. हे काम करणारी छोटी रिलेपेटी स्वस्तात मिळते. मोटर बदलायची तर फॉल्स सीलिंग उघडावं लागतं.

एकाच जिल्ह्यात दोन हवा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुका पावसाची वाट पाहतो. सांगलीतही शिराळा आणि जत यांच्यात असाच फरक आहे. वायरिंगला याच्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण मे महिन्यात 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असली, तर हवेचा दवबिंदू 13 अंशांच्या आसपास असतो. ऑगस्टात 27 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली, की तो 23 अंशांवर जातो. म्हणजे 20 अंशांचा पत्रा मे महिन्यात कोरडा राहील आणि ऑगस्टात गळेल. चूक उन्हाळ्यातलीच असते, ती पावसाळ्यात दिसते.

दमट हवेत जाळीवरून ट्रेमध्ये गळणारं पाणीही वाढतं, म्हणून ट्रेमध्ये फ्लोट स्विच हवा. ट्रेची वाट तुंबून पाणी चढलं, की तो वॉल्व्हची वीज तोडतो. पंखा फिरत राहिला तरी पाणी येणं थांबतं.

महाबळेश्वरात आणखी एक गरज पडते. उन्हाळ्याचे थोडे दिवस सोडले तर तिथं गारव्यापेक्षा ऊब हवी असते. दोनच पाइप असतील, तर त्यांतूनच हंगामाप्रमाणे थंड किंवा गरम पाणी सोडता येतं. पण मग थर्मोस्टॅटचा विचार उलटा व्हावा लागतो : थंड पाणी असताना खोली तापली की वॉल्व्ह उघडायचा, गरम पाणी असताना खोली गारठली की. त्यासाठी पाइपला चिकटवलेला छोटा सेन्सर थर्मोस्टॅटला पाण्याची खबर देतो. हा सेन्सर वॉल्व्हच्या पुढे, पाणी अडून राहतं अशा जागी बसवला, तर त्याला शिळीच खबर मिळते आणि खोली हट्टानं उलट वागते.

पंपापर्यंतची साखळी

बेळगाव सोडल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला, तीच किर्लोस्करवाडी. औंध आज साताऱ्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. नांगरापासून सुरू झालेली ही वाडी पुढे पंपांसाठी देशभर ओळखली गेली. पंप या भागाला नवा नाही, पण खोलीतल्या वॉल्व्हचं पंपाशी असलेलं नातं फारसं कुणी पाहत नाही.

खोल्यांतले वॉल्व्ह मिटू लागले की पाइपातला दाब वाढतो. दाबाचा सेन्सर ते ओळखतो आणि ड्राइव्ह पंपाचा वेग उतरवतो. वेग 80 टक्क्यांवर आला की पंपाची वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. खोल्यांतले वॉल्व्ह कायम उघडे असतील, तर महागडा ड्राइव्ह नुसता शोभेला उरतो. उलट सगळेच वॉल्व्ह एकदम मिटले तर पाण्याला वाट हवी, म्हणून बायपास लागतो.

वीज जाऊन आली की क्रमही ठरलेला हवा : आधी पंप, मग प्रवाह सुरू झाल्याची फ्लो स्विचची ग्वाही, आणि त्यानंतरच चिलर. पाणी हललं नसताना चिलर चालला, तर आतलं पाणी गोठून नळ्या फुटू शकतात.

हॉटेलांत सगळे थर्मोस्टॅट काउंटरवरच्या संगणकाला जोडतात, तिथं दोन तारांची आरएस-485 वाहिनी असते. ती एका खोलीतून पुढच्या खोलीत अशी साखळीनं न्यायची, फांद्या फोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावायचा, आणि 230 व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाइपातून ती ओढायची नाही.

सांगलीसाठी एक जादा नियम. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. तळघरात जागा मोकळी दिसते म्हणून तिथं पॅनेल बसवायचं नाही. पंप तिथं ठेवावा लागला तरी त्याचा ड्राइव्ह आणि कंट्रोल वरच्या मजल्यावर न्यायचे.

सही कुणाची?

एवढ्या चुका का होतात? कामं तीन ठेक्यांत वाटलेली असतात. एसीवाला युनिट टांगतो, प्लंबिंगवाला वॉल्व्ह बसवतो, इलेक्ट्रिकवाला छतापर्यंत फेज आणून थांबतो. वॉल्व्हपासून थर्मोस्टॅटपर्यंतची तार तिघांपैकी कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. शेवटच्या आठवड्यात हाताशी असलेला कुणी तरी ती ओढतो. तिच्यावर नंबराचा फेरूल नसतो आणि तिचा नकाशाही नसतो.

म्हणून ठेका देतानाच कंट्रोल वायरिंग एकाच्या नावावर लिहावं आणि फॉल्स सीलिंग मिटण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक खोलीची चाचणी करून घ्यावी. थर्मोस्टॅट खाली-वर करून पाच मिनिटं थांबायचं आणि वॉल्व्हनंतरचा पाइप हातानं चाचपायचा : वॉल्व्ह उघडल्यावर तो गार व्हायला हवा, मिटल्यावर त्याचा गारवा हळूहळू ओसरायला हवा. ट्रेची वाट बंद करून त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि वॉल्व्ह मिटतो का ते पाहायचं. पंख्याचे तिन्ही वेग कानानं ओळखू यायला हवेत. खोलीमागं पंधरा मिनिटं लागतील. त्या खोलीच्या कागदावर त्याची सही झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये.