सत्तर मैलांची आंतरखंडीय रेल्वे

अमेरिकेच्या रेल्वेचा जुना नकाशा पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मधल्या विस्तीर्ण मैदानांच्या उत्तर भागात मोठ्या रेल्वेमार्गांच्या रेघा मुख्यतः पूर्व-पश्चिम धावतात. गहू पिके मैदानात, बाजार मात्र पूर्वेला मिनिआपोलिस-शिकागोकडे. उत्तर-दक्षिण वाटा कमीच.

ही उणीव हेरून १९०६ च्या सुमारास ‘मिडलँड कॉन्टिनेन्टल’ या रेल्वेचा घाट घातला गेला. कॅनडातील विनिपेगपासून मेक्सिकोच्या आखातावरील गॅल्व्हेस्टन बंदरापर्यंत ती न्यायची होती. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर १,४०० मैल भरते!

प्रत्यक्षात रूळ पडले ते नॉर्थ डाकोटा राज्यात, विम्बल्डन ते एजली, जेमतेम ७०-७५ मैल. भांडवल पुरेना, त्यातच पहिले महायुद्ध आले. नाव मात्र खंडाएवढेच राहिले.

मग ही रेल्वे जगली कशी? तिचे रूळ मोठ्या कंपन्यांच्या रुळांना जाऊन मिळत होते: विम्बल्डनला सू लाइन, जेम्सटाउनला नॉर्दर्न पॅसिफिक. एकीकडचे मालडबे दुसरीकडे पोहोचवणे हाच तिचा धंदा. शिवाय वाटेवरच्या गावांचा गहू होताच. पक्के रस्ते नव्हते, त्या काळी आपल्या गावाला रेल्वे स्टेशन असणे शेतकऱ्याच्या दृष्टीने किती मोलाचे असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

विम्बल्डनचे स्टेशनमास्तर होते मार्विन एगस्ट्रॉम. कुटुंब स्टेशनातच राहायचे. त्यांची मुलगी नॉर्मा शाळकरी वयातच गाऊ लागली. १९३७ साली ती फार्गोच्या आकाशवाणी केंद्रावर पोहोचली आणि तिथे तिला नवे नाव मिळाले, पेगी ली. पुढे हे नाव अमेरिकाभर गाजले. वडिलांची रेल्वे राज्याबाहेर कधी गेली नाही, मुलीचा आवाज मात्र रेडिओवरून आखातापर्यंत पोहोचला!

पुढे रस्ते झाले, ट्रक आले. १९६६ मध्ये त्याच दोन शेजारी कंपन्यांनी ही रेल्वे विकत घेतली आणि काही वर्षांतच तिचे वेगळे अस्तित्व संपले. विम्बल्डनचे स्टेशन मात्र गावाने जपले. आज तिथे संग्रहालय आहे.

फसलेली योजना म्हणून या रेल्वेकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण मला वाटते, ती गॅल्व्हेस्टनला पोहोचली नाही याचे दुःख भागधारकांना झाले असेल. विम्बल्डनच्या शेतकऱ्याला गहू जेम्सटाउनपर्यंत न्यायचा होता, आणि तेवढे काम तिने अर्धशतक चोख केले.