वसतिगृहाचे खाते

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात दुकान, आडत आणि शेतमालाचा व्यापार घराण्यातच शिकता येतो. महाविद्यालयीन शिक्षणासाठी मात्र गावाची वेस ओलांडावी लागते. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झाले, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास 1958 साल उजाडावे लागले. तोवर उर्दू माध्यम नको असलेल्या मुलासमोर सोलापूर किंवा पुण्याची वाट असे आणि त्या वाटेवरचा पहिला प्रश्न एकच असे: मुलगा राहणार कोठे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणार कोठे?

या प्रश्नाचे जैन समाजाने दिलेले उत्तर म्हणजे बोर्डिंग. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, अनुदान आणि प्रोत्साहन दिले; त्यामुळे त्या नगरीस विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. ग्रीक अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या मंडळांची परंपरा 1776 मध्ये स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कॅपा’पासून मोजली जाते. तेथे घेतलेले सभासदत्व पदवीनंतर संपत नाही, ते जन्मभर टिकते. आपल्याकडे असा समारंभपूर्वक प्रवेश नव्हता, गुप्त शपथही नव्हती. एका पंगतीत पाणी वाढणे, पहाटेची प्रार्थना, पर्युषणातील उपवास, परीक्षेच्या दिवसांत एकाच दिव्याखाली उघडलेली दोन पुस्तके, एवढ्यावरच बंधुत्व जुळे. वीस वर्षांनी एखाद्या पेठेत नवे दुकान काढताना हाच खोलीतला सोबती जामीन राही किंवा उधारीवर माल पाठवी. ज्याला मेसच्या हिशेबात चार आण्यांचा घोळ करताना कधी पाहिले नाही, त्याच्या शब्दावर हजारांचा माल सोडण्यास व्यापारी कचरत नाही. पत कागदावर येण्याच्या कितीतरी आधी माणसात पाहिलेली असते.

परंतु या मैत्रीची खरी कसोटी मित्राच्या उपयोगी पडण्यात नाही. ती आपल्या मागून येणाऱ्या, आपल्या ओळखीच्याही नसलेल्या मुलासाठी काय केले, यात आहे. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय हे याचे ठळक उदाहरण होय. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने 1915 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने पुढे पुणे, अहमदाबाद, बडोदे अशा शहरांत शाखा काढल्या. गरजू विद्यार्थ्यास मदत कर्जरूपाने द्यायची आणि तो कमावता झाल्यावर त्याने ती फेडायची, ही येथे रुजलेली रीत. व्यवहारी समाजाला तिचे मर्म चटकन उमगते. दान घेणाऱ्याची मान किंचित खाली जाते. कर्ज फेडणाऱ्याची मान ताठ राहते. शिवाय परत आलेला प्रत्येक रुपया पुढच्या मुलाच्या नावे पडतो. एकाच भांडवलावर कित्येक पिढ्या शिकतात. माजी विद्यार्थ्याचा संस्थेशी असलेला संबंध येथे आठवणींपुरता उरत नाही. तो चालू खात्यासारखा जिवंत राहतो.

या बंधुत्वाला एक धोकाही असतो. आपल्या माणसांभोवती घातलेले कुंपण कधी कधी इतरांना बाहेर ठेवणारी भिंत होते. हे सांगणारी कथा आपल्याच समाजातील आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची अट त्यांनी मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांनी मनात कटुता धरली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी वसतिगृहाची कल्पनाच अधिक विशाल केली. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणाची चिंता पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिलीच्या उत्पन्नामागे न लागता रयतच्या सेवेत रुजू झाले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माजी विद्यार्थ्याचे योगदान म्हणजे काय, याची याहून स्पष्ट व्याख्या करण्याची आवश्यकता नाही.

धाराशिव जिल्ह्याने हा धर्म आणखी जवळून पाहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसह अनेक गावे उद्ध्वस्त केली. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने या परिसरातील सुमारे 1,200 मुले पुण्यास नेण्यात आली. त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था झाली आणि वाघोलीचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. ती मुले कोणत्या जातीची आहेत, हा प्रश्न तेथे गौण होता. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या शास्त्रांनी सांगितली. वसतिगृहाच्या एका छपराखाली ती चारही एकत्र येतात.

आज परिस्थिती पालटली आहे. सधन घरांतील मुले पुण्यात सदनिका भाड्याने घेतात, डबा लावतात आणि शेजारच्या खोलीत कोण राहते हे न जाणता पदवी घेऊन परततात. माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरतात, सत्कार होतात, छायाचित्रे भ्रमणध्वनीवर फिरतात. त्यात आनंद आहे, परंतु तेवढ्याने खात्यात काही जमा होत नाही. बेंबळीसारख्या गावातील एखाद्या किराणा दुकानदाराच्या मुलीला सनदी लेखापाल व्हायचे असेल, तर तिला सुरक्षित निवास, वेळेवर भोजन आणि उमेदवारीसाठी एक विश्वासू कार्यालय हवे असते. या तिन्ही गोष्टी माजी विद्यार्थ्यांच्याच हातात आहेत. पैसा देता येत नसेल त्याने महिन्यातील एक रविवार द्यावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, किंवा संस्थेचा वार्षिक हिशेब तपासावा. ज्या संस्थेचे हिशेब चोख असतात तिच्याकडे दाता पुन्हा येतो, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही.

दिवाळीत चोपडापूजन करताना जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढली जाते. ज्या घरातील कोणी कधी बोर्डिंगात राहून शिकले असेल, त्या घराने येत्या पाडव्याला एक पान त्या वसतिगृहाच्या नावाने घालावे. त्यावर मुद्दल लिहिता येणार नाही. पण त्याखाली दरवर्षी एका विद्यार्थ्याचे नाव लिहिता आले, तर हप्ता पोहोचला असे समजावे.